साहेबांची लांबलेली प्रार्थना

साहेबांचं कपाळ खजुरांच्या ताटलीत टेकलं होतं, हात मांडीवर पडले होते, आणि हॉलमधली सत्तर-ऐंशी माणसं त्यांच्याकडे बघत आदराने गप्प बसली होती. डावीकडच्या टेबलांवर मशिदीची मंडळी. त्यांच्या तोंडात एकेक खजूर गेला होता, पण बिशप प्रार्थना करतायत म्हणून चावायचं थांबलं होतं. उजवीकडे चर्चची इंग्रज मंडळी. मुसलमान थांबलेले पाहून त्यांनीही माना खाली घातल्या. त्यांना वाटलं, रोजा सोडताना असंच करत असतील. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी मटणाच्या रश्शाचं पातेलं धरून उभी होते. मलाही नवल वाटलं नाही. आमच्या नगरकडचे पाळक जेवणाआधी प्रार्थनेला उभे राहिले की रश्शावरचा तवंग थिजायचा, मग आमेन यायचं. त्यांच्या मानाने हे काहीच नव्हतं. मी मनात म्हटलं, साहेब म्हातारे झाले, देवाशी बोलायला त्यांनाही आता वेळ लागतो.

साहेब प्रार्थना करत नव्हते. साहेब मरत होते.

साहेब म्हणजे बिशप व्हिटलो. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते, आधी आखातात आणि ते निवृत्त झाल्यावर लंडनच्या टोकाला, स्टॅनमोरला. हे पुस्तक मी माझ्या मोठं होण्यावर लिहीत आहे आणि त्यात हे प्रकरण कसं, असं माझ्या भाचीने विचारलं. तेव्हा तर तू पंचावन्नच्या पुढची होतीस, म्हणाली. होते. पण माझं लहानपण मी मागच्या प्रकरणात दीड पानात संपवलं, कारण ते तेवढंच होतं. चौथी झाली, चूल हातात आली, नवरा आला, नवरा गेला. लोकांचं तरुणपण विशीत येतं. माझं स्टॅनमोरला आलं. एकटीने बसमध्ये बसायला, स्वतःच्या आवडीचा कोट घ्यायला, नको असेल तर नको म्हणायला मी तिथे शिकले. लाल कोट घेतला होता. बाई म्हणाल्या, पोस्टाच्या पेटीसारखी दिसतेस. मी तो अजून घालते.

बाई म्हणजे साहेबांची बायको, विनिफ्रेड. माझं नाव सुवार्ता, ते त्यांच्या तोंडात मावेना, म्हणून त्या मला ‘सू’ म्हणत. घरभर, बागेतून, रस्त्यावरून, मोठ्याने. आमच्याकडे पोरांना मोरीवर बसवून आया हाच शब्द म्हणतात हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. परकारभाईंना मात्र ते माहीत होतं, आणि बाईंनी हाक मारली की ते छताकडे बघत.

परकारभाई म्हणजे साहेबांचे दोस्त. मूळचे दापोलीकडचे कोकणी मुसलमान, आखातात बंदराच्या ऑफिसात जन्म घालवलेला, आणि मग लेकीजवळ हॅरोला आलेले. माझ्याशी मराठी बोलणारं त्या घरात तेवढंच एक माणूस. माझी भाषा नगरची, त्यांची दापोलीची. दोघं एकमेकांच्या बोलण्याला हसत असू. आम्ही नगरचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ म्हणतो आणि भेटलो की सलाम म्हणतो. ते ऐकून ते म्हणायचे, “काय गो बाय, जातेस देवळात, करतेस सलाम, येशूचं नाव घेतेस. तुझा हिशेब वर कोण करणार?” मी म्हणायची, “तुमचा झाला की माझा घेतील.” साहेबांशी ते हिंदुस्थानीत बोलत. साहेबांचं पहिलं काम कराचीत पाळक म्हणून, त्यामुळे त्यांची हिंदुस्थानी माझ्यापेक्षा बरी होती. इथे मी सगळ्यांचं बोलणं मराठीतच लिहिते आहे, नाहीतर वाचणाराही छताकडे बघायचा.

आखातातलं साहेबांचं देऊळ बाहेरून गोदामासारखं दिसायचं. वर क्रूस नाही, घंटा नाही, भिंतीवर पाटी नाही. रविवारी तिकडे सगळे कामावर, म्हणून भक्ती शुक्रवारी. पहाटे तमिळ, मग मल्याळी, मग फिलिपिनो पोरी, मग उर्दूवाले, दुपारी इंग्रज. एक मंडळी बाहेर पडायची तेव्हा दुसरी दारात चपला काढत उभी असायची, आणि मधल्या वेळात मी खिडक्या उघडायची, कारण खोबरेल तेलाचा वास इंग्रजांना चालत नसे आणि इंग्रजांच्या अत्तराचा मला. ह्या सगळ्यांचे बिशप साहेब. मी आधी फार बिचकून होते. बिशप म्हणजे उंच टोपी, सोन्याची काठी. पाहिलं तर हा माणूस फाटक्या सँडलमध्ये तुरुंगाच्या दाराशी कागदाने वारा घेत बसलेला.

तिथल्या कुणाला बाप्तिस्मा द्यायची सोय नव्हती. दिला असता तर दुसऱ्या दिवशी साहेबांना विमानात बसवलं असतं. म्हणून एकदा मी विचारलं, “साहेब, मग तुमचं काम काय?” ते म्हणाले, “मी बसतो.” मला वाटलं थट्टा. पण खरंच होतं ते. देवळाच्या जागेची परवानगी हवी, शेखच्या बैठकीत जाऊन बसायचं. कडू कॉफीच्या इवल्याशा वाट्या प्यायच्या, पुरे झालं की वाटी हलवायची, जागेचं नावही काढायचं नाही, आणि उठून यायचं. पुढच्या आठवड्यात पुन्हा. एखादा खलाशी बंदरात मेला आणि त्याचं शव घरी पाठवायला कुणाची सही अडली, की साहेब त्या अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन बसायचे. भांडण नाही, अर्ज नाही. समोरचा कंटाळून सही करायचा. परकारभाई तिथेच त्यांना भेटले. “हा गोरा माझ्या खुर्चीसमोर इतका बसला,” ते सांगायचे, “की मला वाटलं हा ऑफिसातलाच आहे. मी त्याला चहा आणायला पाठवणार होतो.”

रमजानात साहेबांनी तिथे कधी कुणासमोर दिवसा पाण्याचा घोट घेतला नाही. ड्रायव्हरचा रोजा, माळ्याचा रोजा, मग मी कसा खाऊ, म्हणायचे. दुपारचं जेवणच बंद. स्वयंपाकघराचे पडदे महिनाभर ओढलेले, आणि फोडणी द्यायची नाही, वास बाहेर जातो. बाई मात्र न्हाणीघरात कडी लावून बिस्किटं खात. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, पण भुगा कोण झाडणार? मीच.

ह्या सगळ्या सवयी साहेब बॅगेत घालून स्टॅनमोरला घेऊन आले. घर चर्चने दिलेलं, लहानसं, शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेलं. तिकडच्या बंगल्याचं सामान त्यात मावता मावेना. शुक्रवारी सकाळी साहेब धुतलेला सदरा घालून पुढच्या खोलीत दाराकडे तोंड करून बसत. बाई म्हणत, “टेडी, आज शुक्रवार. कुणी येणार नाही.” साहेब म्हणत, “मला माहीत आहे.” आणि बसून राहत. त्यांना कधी कधी जवळच्या चर्चमध्ये उपदेशाला बोलावत. तिथली माणसं चांगली, पण त्यांना बिशपशी काय बोलावं कळत नसे. हवा कशी आहे ते सांगत. ते तर खिडकीतून दिसत होतं. इंग्लंडात नोकर ठेवत नाहीत म्हणून बाईंनी मला त्यांच्याबरोबर टेबलावर जेवायला लावलं. मला ते आवडलं नाही. काट्याने जेवलं की माझं पोट भरत नाही. ते झाकपाक करून मी पुन्हा स्वयंपाकघरात उभ्याने भाकरी खायची, आणि बऱ्याचदा साहेब तिथे येऊन दुसरी भाकरी मागायचे.

भाकरी त्यांना मोजून द्यावी लागे, कारण साखरेचा आजार. सकाळी स्वतःच्या हाताने पोटात सुई टोचून घ्यायचे आणि मग वेळेवर खायचं, हे डॉक्टरांनी त्यांना, बाईंना आणि मला, तिघांना बसवून सांगितलं होतं. सुई घेतली आणि खाल्लं नाही तर माणूस आडवा होतो. हे आम्हाला तिघांनाही पाठ होतं.

लंडनच्या ट्रेनमध्ये बॉम्ब फुटले त्या सालची ही गोष्ट. उन्हाळ्यात ते झालं, आणि शरदात रमजान आला. मधल्या महिन्यांत परकारभाईंना बसमध्ये शेजारी जागा मोकळी मिळू लागली. ते हसून म्हणायचे, “बाय, आता मी पाय पसरून बसतो.” पण पूर्वी ते चर्चच्या फाटकातून आत यायचे, ते आता फाटकाशीच उभे राहायला लागले. साहेबांनी ते पाहिलं. तेव्हा त्यांनी ठरवलं की एक दिवस मशिदीच्या मंडळींनी चर्चच्या हॉलमध्ये येऊन रोजा सोडायचा आणि सगळ्यांनी मिळून जेवायचं.

दोन्हीकडे कमिट्या. चर्चच्या कमिटीवर मिसेस हॉलिंग्ज, उंच, सरळ, केसांत एक पिनही वाकडी नाही. त्यांना सगळं मान्य होतं, फक्त सॉसेज रोल ठेवावेत की नाही एवढंच विचारायचं होतं. कुणीतरी त्यांना त्यात डुकराचं मांस असतं ते सांगितलं. त्या आपल्या बायबलवर हात ठेवून म्हणाल्या, “अरे देवा, मी तर शेजारच्या मिसेस सिद्दिकींना दर नाताळात पाठवते.” मशिदीच्या कमिटीचं म्हणणं, हॉलमध्ये क्रूस असेल तर चालेल का, ह्यावर विचार करावा लागेल. त्यांनी विचार केला. भिंतीवरचा क्रूस चर्चने काढायची तयारी दाखवली. तोवर मशिदीचं ठरलं होतं की तो असू द्यावा, काढला तर वाईट दिसेल. मग काढायचा की ठेवायचा ह्यावर दोन्ही कमिट्या एकमेकांच्या बाजूने भांडल्या. क्रूस राहिला.

स्वयंपाक माझ्याकडे. हॅरोच्या बाजारात हलाल खाटकाकडून मटण आणलं. इंग्रजांसाठी एक पातेलं फिकं, बाकीच्यांसाठी नगरचं, काळ्या मसाल्याचं. शाकाहारी कुणी आलंच तर डाळ. समोसे परकारभाईंच्या लेकीने, नसरीनने, पाठवले. नसरीन दातांची डॉक्टर, आखातात वाढलेली, इथे शिकलेली. माझ्याशी मराठी बोलायची तिला हौस होती, पण बोलताना नळात हवा भरल्यासारखं व्हायचं. थांबत, थडथडत, मग एकदम वाहायचं.

जेवणाच्या आधीच्या रविवारी साहेबांनी दोन्हीकडच्या लोकांना हॉलमध्ये बसवून रीतभात शिकवली. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या घरात बसण्याचंच काम केलं होतं, तेव्हा ते शिकवायचा त्यांना अधिकार होता. ते म्हणाले, चपला लाथाडू नका, उजव्या हाताने द्या, वेळ झाल्याशिवाय खाऊ नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: दुसऱ्याची प्रार्थना चालू असेल तेव्हा हलू नका, घड्याळ बघू नका, खोकू नका. कितीही लांबली तरी. आपल्याला कळत नसलं तरी. मिसेस हॉलिंग्जनी ते लिहून घेतलं. बाई आल्याच नाहीत. “हे भाषण मी लग्नापासून ऐकते आहे,” म्हणाल्या, आणि घरी रेडिओ लावून बसल्या.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे साहेबांच्या अभ्यासाच्या खोलीत ट्रेमध्ये टोस्ट, अंडं आणि लापशी ठेवली. परत गेले तेव्हा ट्रे रिकामा. दुपारीही तसंच. खिडकीबाहेर कबुतरं फार जमली होती. मी त्यांना शिव्या घातल्या आणि ट्रे धुतला.

संध्याकाळी लोक आले. साहेबांनी सगळ्यांना मिसळून बसायला सांगितलं. सगळे हो म्हणाले आणि आपापल्यांशेजारी बसले. साहेब खजुरांची ताटली घेऊन टेबलाटेबलाशी फिरले. तिकडचा रिवाज त्यांच्या अंगात भिनलेला. घरधनी आधी वाढतो, सगळ्यांत शेवटी खातो. माझ्याही खिडकीशी आले. घामाने कपाळ ओलं होतं. मी म्हटलं, “साहेब, बसा आता.” म्हणाले, “माझंच घर आहे, सुवार्ता. पाहुणे बसतात.” मग मशिदीतल्या एकाने बांग दिली, सगळ्यांनी खजूर तोंडात घातला, आणि साहेब खुर्चीत बसले, ताटली समोर ठेवली आणि मान खाली घातली.

तिथूनच मी सुरुवात केली आहे.

हॉलमध्ये एवढी शांतता, की कुणीतरी कुरूमकुरूम खात असल्याचा आवाज ऐकू येत होता. त्या बाई होत्या. गर्दीच्या गोंगाटाने डोकं उठतं म्हणून त्यांनी कानातलं यंत्र बंद करून ठेवलं होतं. त्यामुळे गोंगाट थांबला आहे हे त्यांना कळलंच नव्हतं. अख्ख्या हॉलमध्ये एकट्या त्या समोसा खात होत्या.

“टेडी,” त्या म्हणाल्या, “चटणी.”

मिसेस हॉलिंग्जनी ओठावर बोट ठेवलं.

“टेडी, चटणी दे.”

“शू...” डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही धर्मांचे लोक एकदम म्हणाले.

बाईंनी तेवढं मात्र तोंडांवरून ओळखलं. “शू काय? काय करतोय हा?”

“प्रार्थना!” मिसेस हॉलिंग्ज कुजबुजल्या. मग ऐकू जाईना म्हणून दोन्ही हात जोडून दाखवले.

“प्रार्थना?” बाई ओरडल्या. बहिरं माणूस हळू बोलत नाही. “ह्याची? जेवणाआधीची ह्याची प्रार्थना दोन ओळींची. बिशप झाला तेव्हा त्यातली एक कमी केली.” आणि त्यांनी साहेबांची कॉलर मागून धरून त्यांना उचललं.

मान एका बाजूला गेली. कपाळाला एक खजूर चिकटलेला. चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा, ओठ लोंबलेले. पातेलं माझ्या हातातून सुटलं नाही, एवढंच म्हणते. आणि आता खरं लिहायचं तर, माझ्या मनात पहिल्यांदा देवाचं नाव आलं नाही. क्रॉयडनचं आलं. माझा व्हिसा साहेबांच्या घरच्या कामावर होता, दर वर्षी क्रॉयडनला रांगेत उभं राहून पुढे ढकलायचा. साहेब गेले तर रांगेत उभं राहून काय सांगू? देवाचं नाव त्यानंतर आलं. लगेचच आलं, पण दुसरं आलं.

स्टॅनमोरला दगड भिरकावला तर डॉक्टरला लागतो. हॉलमध्ये पाच-सहा तरी होते, आणि सगळे एकदम उठले. एक डोळ्यांचा, एक हाडांचा, एक त्वचेचा. हाडांचा म्हणाला हार्ट अटॅक, डोळ्यांचा म्हणाला स्ट्रोक, आणि दोघंही एकमेकांना म्हणाले, “प्लीज, आफ्टर यू.” ह्या देशात राहून माणूस असा होतो. तेवढ्यात परकारभाईंनी खुर्च्या ढकलत वाट काढली. ते घामाकडे बघत होते.

“बाय! सकाळी काय खाल्लंन ह्यानं?”

“टोस्ट, अंडं, लापशी,” मी म्हटलं. आणि म्हणतानाच माझ्या डोळ्यांसमोर ती कबुतरं आली. “नाही. काहीच नाही. खिडकीबाहेर टाकलं.”

“सुई?”

“सुई घेतली असणार.”

“रोजा केलान गाढवानं!” परकारभाई ओरडले. “नसरीन!”

नसरीन दागिन्यांसकट टेबलाखालून वाकून पलीकडे आली. “बाजूला व्हा, एव्हरीबडी. हायपो आहे, साखर खाली गेली. अँब्युलन्स कोणी बोलावला? नाही? मग बोलवा! आंटी, त्याची तोंड उघडा. नो, पाणी नको, घशात जाईल. काहीतरी गोड. जाड.”

गुलाबाच्या सरबताची बाटली होती, पाणी न घातलेली. मी ती फोडल्यासारखी उघडली. नसरीनने दोन बोटं त्यात बुडवली आणि साहेबांच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळू लागली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, माफ करा, पण तुम्ही डेंटिस्ट ना? ती मान वर न करता म्हणाली, “हिरडी माझाच डिपार्टमेंट आहे.” बोटं लाल, साहेबांची हनुवटी लाल, पांढऱ्या कॉलरवर लाल ओघळ. मिसेस हॉलिंग्जना ते रक्त वाटलं आणि त्या सरळच्या सरळ खाली बसल्या, पिना तशाच. मी साहेबांचं डोकं धरलं होतं. गार होतं. मोठा माणूस असला तरी डोकं हातात धरलं की नारळाएवढंच असतं.

मग मात्र हॉलमध्ये खरी प्रार्थना सुरू झाली. परकारभाई हात पसरून पुटपुटत होते, मध्येच साहेबांना शिवी देत होते, पुन्हा पुटपुटत होते. मिसेस हॉलिंग्ज जमिनीवर बसल्या बसल्या साहेबांचा एक बूट घट्ट धरून मोठमोठ्याने ‘आमच्या बापा’ म्हणत होत्या. कुणी रडत होतं, कुणी फोनवर पत्ता ओरडत होतं, बाई साहेबांच्या कानाशी “टेडी, हा मूर्खपणा बंद कर” असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि माझ्या मते तीही प्रार्थनाच होती. आधी कुणी प्रार्थना करत नव्हतं तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आता सगळे करत होते, तर अँब्युलन्सचा भोंगाही ऐकू आला नाही.

अँब्युलन्सचे दोघं आत आले. एकाने विचारलं, इथे प्रमुख कोण? चर्चच्या कमिटीने मशिदीच्या कमिटीकडे बोट दाखवलं, मशिदीच्या कमिटीने चर्चच्या. दुसरा तोवर गुडघ्यावर बसला होता. बोटाला टोचून रक्त पाहिलं, तोंड वाकडं केलं, दंडात एक सुई दिली. काही झालं नाही. मग हाताच्या शिरेतून साखरेचं पाणी सोडलं. आम्ही बघत राहिलो. साहेबांच्या पापण्या हलल्या, पुन्हा मिटल्या. मग डोळे उघडले. समोर पडलेली ताटं, थांबलेली माणसं पाहिली आणि ते म्हणाले, “तफद्दलू.”

अरबीत म्हणजे, या, घ्या, सुरू करा. यजमानाने पाहुण्यांना म्हणायचं असतं.

त्यांना स्ट्रेचरवरून नेलं. हृदयही धड चालत नाही, आज काही सांगता येणार नाही, असं अँब्युलन्सवाला नसरीनला म्हणाला. बाई आणि नसरीन बरोबर गेल्या. मागे आम्ही, आणि गार होत चाललेला रस्सा. मिसेस हॉलिंग्ज म्हणाल्या, अशा वेळी जेवणं बरं दिसणार नाही. मशिदीचे सेक्रेटरी म्हणाले, अगदी बरोबर, आम्हीही तेच म्हणणार होतो. दिवसभराचे उपाशी लोक कोट चढवू लागले.

“बाय,” परकारभाई म्हणाले, “वाढ.”

“तुम्ही जेवाल?” मी विचारलं.

“त्यानं शुद्धीवर येऊन एकच शब्द उच्चारलान. तो मोडायचा? वाढ. काळ्या मसाल्याचं वाढ.” आणि ते जवळच्या खुर्चीवर बसले. खुर्च्या ढकलाढकलीत कुठल्या कुठे गेल्या होत्या, त्यामुळे ज्याला जी सापडली तिच्यावर तो बसला. मिसेस हॉलिंग्जना मी चुकून तिखट वाढलं. त्यांनी रडत रडत संपवलं आणि रडण्याचं कारण कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि परकारभाई बसने हॉस्पिटलात गेलो. साहेब उशीला टेकून बसले होते, हाताला नळ्या, कॉलर नसल्यामुळे मान कोंबडीसारखी. बाई शेजारी विणत होत्या. त्यांनी रात्री साहेबांना जे बोलायचं ते बोलून घेतलं असावं, कारण साहेब फार नम्र दिसत होते.

“लोक जेवले का?” त्यांनी मला विचारलं.

“जेवले. तुमच्यासाठी काही उरलं नाही.”

परकारभाई पायथ्याशी उभे होते. रोज ते साहेबांना मिठी मारत, त्या दिवशी मारली नाही. “तुला रोजा करायला कुणी सांगितला?” ते म्हणाले. “आमच्यात आजारी माणसाला माफ आहे. खुदानं स्वतः माफ केलंय. तुमच्यात तर कुणी सांगितलाच नाही. दोन्ही धर्मांत ज्याला सुटी, तो तू एकटा उपाशी! हा कुठला शहाणपणा?”

“तिकडे मी नेहमीच...” साहेब म्हणाले.

“तिकडे तू दांडगा होतास. तेव्हा साखर होती तुझ्या रक्तात? माझ्यासमोर तू खाल्लं असतंस तर माझा रोजा तुटला असता? तू माझ्यासमोर मेला असतास तर?” आणि त्यांनी पलंगाची दांडी धरून हलवली. “बसमध्ये माझ्या शेजारी एवढी जागा रिकामी असते रे. आणखी किती करतोस?”

साहेबांनी उशी सोडून सरळ बसायचा प्रयत्न केला. त्यांना बसणं येत होतं, पण नळ्या लावून बसणं वेगळं. मग म्हणाले, “मला वाटलं, तुम्ही आमच्या घरी येताय, तर मी तुमच्याबरोबर यावं.”

“ये,” परकारभाई म्हणाले, “पण खाऊन ये.” आणि मग त्यांनी मिठी मारली, एक नळी उपसली, आणि नर्सने आम्हाला दोघांना बाहेर काढलं.

पुढच्या वर्षी जेवण पुन्हा झालं. त्या दिवशी दुपारी चारला बाईंनी साहेबांना हॉलच्या स्वयंपाकघरात नेऊन स्टुलावर बसवलं आणि भाकरी, अंडं, केळं खाताना समोर उभं राहून पाहिलं. पडदे ओढायला साहेब उठले, तर बाई म्हणाल्या, “बस.” बाहेरच्या लोकांना ते दिसत होतं. मी म्हणेन, साहेबांनी उभ्या जन्मात केलेली ती सगळ्यांत अवघड गोष्ट होती, उपाशी माणसांसमोर खाणं. तरी त्यांनी संपवलं.

साहेब त्यातून वाचले आणि बरीच वर्षं जगले. बाई त्यांच्या आधी गेल्या, परकारभाईही आधी गेले, आणि दोघांच्या मातीला साहेब स्वतःच्या पायांवर उभे होते. मग तेही गेले, झोपेत, पोटभर जेवून. नसरीन आहे. मी आहे.